पांढरा डाग

मागच्या शनिवारी पारशिवनीला मामांकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि मामांनी स्कॅनच्या फिल्म्सची ती भलीमोठी पिशवी माझ्यापुढे आणून ठेवली.

"तू कम्प्युटरवाला आहेस ना बापू? मले एवढंच सांग, ते परत आलं का नाही?"

आता मी कम्प्युटरवाला खरा, पण बँकेची सॉफ्टवेअर लिहिणारा! तरी गेले तीन आठवडे रात्री जागून याच एका प्रश्नावर वाचत होतो. म्हटलं, आज इथे लिहून काढावं.

तर झालं असं. मामांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या गाठींतला अत्यंत जहाल प्रकार. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ पासून जगभर साधारण हाच क्रम रूढ आहे. दहा महिने बरे गेले. मग एमआरआयमध्ये जुन्या जागेशेजारीच एक पांढरा डाग दिसला. रिपोर्टमध्ये दोन शक्यता: गाठ परत आली असेल, किंवा रेडिएशनने मेलेल्या पेशी असतील. या दुसऱ्या प्रकाराला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात.

मला आधी हे पटेचना. एवढं कोट्यवधीचं यंत्र, आणि जिवंत काय नि मेलेलं काय ते कळू नये? पण त्याचं कारण अगदी साधं आहे. एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या ते बाहेर जाऊ देत नाहीत. जिथे वाहिनी गळते तिथे ते साचतं आणि पांढरं दिसतं. गाठीच्या वाहिन्या गळतात, आणि रेडिएशनने दुखावलेल्याही गळतात. म्हणजे एमआरआय गळती दाखवतो, गळतीचं कारण नाही. दोन वेगळे बग आणि एरर मेसेज एकच, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आणि फरक लहान नाही. गाठ असेल तर पुन्हा ऑपरेशन किंवा वेगळी औषधं. नेक्रोसिस असेल तर बऱ्याचदा स्टेरॉइड आणि वाट बघणं. डोकं पुन्हा उघडून तुकडा तपासला तरी त्यात दोन्हीची सरमिसळ निघू शकते.

म्हणून मग पेट स्कॅन. यात किरणोत्सर्गी खूण लावलेला पदार्थ देतात आणि तो कुठल्या पेशी खातात ते बघतात. नेहमीच्या पेटमध्ये ही खूण साखरेला असते. पण मेंदू स्वतःच एवढा साखरखाऊ की सगळा मेंदूच उजळतो आणि डाग त्यात हरवतो. म्हणून मेंदूसाठी खूण लावलेलं अमिनो आम्ल वापरतात, उदाहरणार्थ एफईटी. निरोगी मेंदू ते फारसं घेत नाही, वाढणारी गाठ मात्र हावऱ्यासारखी घेते. यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवायची सोयच नाही. आपल्या देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला आणि पहिलं पेट-सीटी २००४ साली टाटा मेमोरियलमध्ये. मामाही विदर्भ एक्सप्रेसने मुंबईलाच जाऊन आले.

आता माझ्या आवडीचा भाग. एमआरआय मिलिमीटरपर्यंत रेखीव, पेट त्यामानाने धूसर. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायची कशी? कवटी कडक असल्यामुळे फक्त सहा आकडे शोधायचे: तीन दिशांना सरकवणं आणि तीन अक्षांभोवती फिरवणं. पण एकातलं पांढरं दुसऱ्यात काळं असू शकतं, म्हणून रंग जुळवून भागत नाही. १९९५ च्या सुमारास दोन गटांनी सुचवलं की रंग सोडा, एका चित्रावरून दुसऱ्याचा अंदाज जिथे सर्वांत चांगला बांधता येईल ती जागा धरा. वाचून मी खुर्चीतच टाळी वाजवली.

मामांना हे कसं सांगावं? सुरुवात केली, तर त्यांनी मलाच थांबवलं. मामा पेंच प्रकल्पावरचे निवृत्त कालवा निरीक्षक. नवेगाव खैरीचं पाणी ज्या कालव्याने नागपूरकडे जातं, त्यावर उभी नोकरी गेली.

"म्हणजे नकाशात कालवा दिसते. पाणी चालू आहे का नाही ते पाहाले गेजवर जा लागते. असंच ना?"

असंच! मी दोन पानं भरून जे लिहिलं असतं ते यांनी दोन वाक्यांत संपवलं.

"मग गेज काय म्हणते?"

मामी ताटं उचलता उचलता थांबल्या. पेटच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की डागात अमिनो आम्ल फार कमी गेलंय, नेक्रोसिसची शक्यता जास्त, दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करावा. 'नाही आलं' असं म्हणून टाकायचा फार मोह झाला. दिवसभर हो किंवा नाही अशीच उत्तरं देणारा कोड लिहितो मी. पण पेटही चुकतो, सुजेच्या जागीही खूण थोडी जातेच, आणि मामांनी आयुष्यभर गेजचे खोटे आकडे लिहिणाऱ्यांना झापलंय.

"बहुतेक नाही आलं, मामा. पण नक्की दोन महिन्यांनी कळेल."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन महिने म्हणजे संत्र्याचा आंबिया बहार हातात येते. तेव्हा ये, पेटी घेऊन जा."

फिल्म्स त्यांनीच परत पिशवीत घातल्या, तारखेप्रमाणे लावून. दोन महिन्यांनंतरची सुट्टी मी सोमवारीच टाकली आहे.