गाडीची नाडीपरीक्षा

सासूबाईंना दमा आहे आणि माझे पती कामानिमित्त सोमवार ते गुरुवार चेन्नईत असतात. बंगळुरूत रात्री दोन वाजता रिक्षा शोधावी लागू नये म्हणून गाडी घेतली, तर नेमकी तीच रुसू लागली. मी मेट्रोने ऑफिसला जाते. चार दिवस उभी राहिली की गाडी किल्ली फिरवताच नुसती 'टक्' म्हणायची. एका गॅरेजने नवी बॅटरी बसवली. महिन्याने पुन्हा तेच. आता म्हणे, अल्टरनेटर बदला!

"ताप मोजल्याशिवाय औषध कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

मला ते पटले. आयुधपूजेला इथे प्रत्येक गाडीला हार चढतो, चाकाखाली लिंबू जाते, पण बॉनेट उघडून कोण पाहतो? एस. पी. रोडवरून साधा मल्टिमीटर आणला. बांगड्या, अंगठी काढून ठेवली, कारण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर क्षणात भाजते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. आमची ११.६! शेजारच्या काकांच्या बॅटरीला केबल जोडून इंजिन सुरू केले, केबल काढल्या आणि पुन्हा मोजले. १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत होता.

मग वीज मुरत होती कुठे? बॅटरी चार्ज करून घेतली. गाडी बंद करून ऋण टोकाची केबल सोडली आणि केबल व टोक यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरवर लावला. अशा वेळी गाडी सुरू करायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. अर्धा तास थांबले. बंद गाडी ५० मिलिअँपिअरपर्यंत घेते, तेवढे चालते. इथे ४५० दिसत होते. एकेक फ्यूज काढत गेले आणि एका फ्यूजला आकडा एकदम २० वर आला.

डिकीतला दिवा! झाकण लावल्यावर तो विझवणारा स्विच अडकला होता. दिवा अवघा पाच वॅटचा, पण दिवसाला दहा अँपिअर-अवर खाणारा. पंचेचाळीसची बॅटरी चार दिवसांत आडवी होणारच.

तुम्हीही हे करून पाहा. मात्र विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावू नका. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

स्विच त्याच गॅरेजमध्ये बदलून घेतला. अल्टरनेटरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.