खाला, एकटीनंच बघ

"खाला, लिंक पाठवतेय. शनिवारी रात्री आठ वाजता. एकटीनंच बघ."

भाचीचा हा फोन आला तेव्हा मी शाळेचे पेपर तपासत बसले होते. ती पुण्यात नोकरी करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. नाच शिकते, हे फक्त मला आणि आपाला. दुल्हाभाईंसमोर तो विषय निघत नाही.

तिला सहा आठवड्यांची डान्स रेसिडेन्सी मिळाली होती. मला वाटलं, राहण्या-जेवणाची सोय असेल. तिनं समजावलं, "तसं नाही गं. एक मोकळी खोली देतात, थोडं मानधन, एक जाणकार माणूस आणि वेळ. पूर्ण बसवलेला कार्यक्रम मागत नाहीत. काय शोधलं, कुठं अडलो, ते शेवटी लोकांना दाखवायचं." यंदा ते ऑनलाइन दाखवणार होते.

"म्हणजे कुणीही बघेल?"

"हो ना. तेच तर."

शनिवारच्या आधी तिनं मला अभ्यास दिला. इव्हॉन रेनर नावाच्या अमेरिकन बाईंचा 'ट्रायो ए' बघायला सांगितला. नाच 1966 सालचा, चित्रफीत 1978 मधली, कृष्णधवल. संगीत नाही. साधे कपडे घातलेली एक बाई वळते, वाकते, हात फिरवते, कुठंच थांबत नाही. आणि एकदाही बघणाऱ्याच्या नजरेला नजर देत नाही. पहिल्यांदा मी निम्म्यातच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण पाहिलं. नाच म्हणजे बघणाऱ्याला खूश करणं, हे मी धरूनच चालले होते. ही बाई कुणाची मर्जी राखत नव्हती. मग नाचणारीला आपण जे बोल लावतो, ते हिला कसे लावायचे?

रेनर आणि त्यांच्या सोबत्यांनी आपले प्रयोग पहिल्यांदा दाखवले ते न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये, 6 जुलै 1962 रोजी. तिकीट नव्हतं. कार्यक्रम तीन तासांहून जास्त चालला. पुढं 1978 मध्ये 'मूव्हमेंट रिसर्च' ही संस्था सुरू झाली. 1991 पासून ती त्याच चर्चमध्ये सोमवारी संध्याकाळी अपुरी, घडत असलेली कामं फुकट दाखवत आली आहे. कोरोनात चर्चचं दार बंद झालं, तेव्हा प्रयोग पडद्यावर आले.

प्रार्थनेच्या जागेत असले प्रयोग, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. मी मिरजेची, मला तेवढं नवल वाटलं नाही. आमच्या ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गायचे. 1937 मध्ये ते गेले, त्यांची कबरही तिथंच आहे. उरुसात आजही गाणारे-वाजवणारे तिथं हजेरी लावतात. अब्बा मला लहानपणी घेऊन जायचे. एखाद्या नवख्या गवयाचा सूर घसरला तर जवळचा म्हातारा मान हलवून म्हणायचा, "होता है बेटा, आगे चलो." सकाळपर्यंत तो सूर सगळे विसरलेले असायचे.

भाचीला याचीच काळजी होती. आवारात बसलेला माणूस वाट काढून आलेला असतो, तो थोडं सांभाळून घेतो. पडद्यावर तसं नाही. माझ्यासारखीला मिरजेत बसून असलं काम बघता आलं, ते ऑनलाइनमुळेच. पण जे दार माझ्यासाठी उघडलं, तेच दार तिच्या चुलत्यांसाठीही उघडलं होतं. शिवाय अर्धवट कामाला विसरलं जाण्याची सोय लागते. मोबाईल काही विसरत नाही.

शनिवारी मी दार लोटून बसले. भाची रिकाम्या खोलीत होती. भाकरी थापायचे हात, धुणं पिळायचे हात, आणि डोक्यावरून ओढणी सारखी करणं, एवढंच ती पुन्हा पुन्हा करत होती. ओढणी घसरायची, ती परत ओढायची. आधी सवयीनं, मग घाईनं, मग इतकं सावकाश की माझा स्वतःचा हात डोक्याकडं गेला. मध्येच ती अडखळली, थांबली, पुन्हा सुरू केलं. ते लपवलं नाही.

पाणी मागायला आलेली अम्मी माझ्यामागं उभी होती, हे मला उशिरा कळलं. मी मोबाईल पालथा घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "भाकरी ऐसी नै थापते. हात उप्पर जाता इसका." आणि शेजारी बसली. शेवटपर्यंत बसली. नंतर नाचाबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त विचारलं, "जेवली असेल का ती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी खानदानाच्या ग्रुपवर एक फोटो आला. पडद्यावरून काढलेला. ओढणी खांद्यावर घसरलेली, तोच एक क्षण. खाली एका नातेवाइकानं लिहिलं होतं, "ही आपलीच पोरगी ना?"

दहा मिनिटांत ती ओढणी किती वेळा डोक्यावर परत गेली, ते त्या फोटोत नव्हतं. आणि लिंक एका रात्रीपुरतीच होती. काम गेलं, फोटो उरला.

ग्रुपवर सगळे गप्प होते. आपाही. मी चार वेळा लिहून खोडलं. सातवीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाचातून माझं नाव काढलं होतं, तेव्हाही घरात असेच सगळे गप्प होते. मीही.

शेवटी लिहिलं, "हो, आपलीच. अम्मीनं आणि मी पूर्ण बघितलंय. फोटोवरून बोलू नका."

दुल्हाभाईंनी ते वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही, अजूनही आलेलं नाही. संध्याकाळी भाचीचा फोन आला. मी म्हटलं, "पुढच्या वेळी एकटीनंच बघ म्हणू नकोस. आणि अम्मी म्हणते, भाकरी थापताना हात खाली ठेव."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "खाला, तिला विचार ना, दाखवेल का मला?"