किल्ली कुरिअरने येत नाही!

नवऱ्याला म्युनिकमध्ये जॉब लागला आणि मी पुण्यात बसूनच घर शोधायला लागले. दुसऱ्याच दिवशी झक्कास फ्लॅट सापडला, तोही स्वस्तात! मालक म्हणे परदेशात. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. मी पैसे पाठवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “कोथरूडमध्ये घर न बघता डिपॉझिट दिलं असतंस?” हात थांबला. नंतर कळलं, ही फसवणुकीची नेहमीचीच तऱ्हा.

तेव्हा मंडळी, सुरुवातीला तात्पुरती खोली घ्या. घर बघून, करार झाल्यावरच पैसे द्या. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. ‘वार्ममीटे’त हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं असतं. डिपॉझिट कायद्याने तीन काल्टमीटेंच्या वर मागता येत नाही, आणि ते ३ हप्त्यांत देता येतं. किचनचं आधीच विचारा. बऱ्याच घरांत तिथे नुसत्या भिंती असतात! राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाकडून सहीचं पत्र घ्या.

आमचं घर छोटंसं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण किल्ली हातात पडली आणि पहिला फोन बाबांना लावला.