आप्पांची फियाट आणि आमचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या फियाटचा तळ फुटला. आमच्या कन्येने मागच्या सीटपुढचे रबरी पायपुसणे धुण्यासाठी उचलले, तो तिला खाली रस्ता दिसला. "बाबा, इथून खडी मोजता येते," असे ती म्हणाली. आम्ही वाकून पाहिले. खरोखरच हाताचा पंजा जाईल एवढे भोक होते आणि त्याच्या कडा बिस्किटासारख्या मोडत होत्या.

गाडी १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या घरात तिला पद्मिनी असे कुणी कधी म्हटले नाही. ती फियाट. आमचे वडील, ज्यांना सारी वस्ती आप्पा म्हणते, त्यांनी १९७२ पासून २००० पर्यंत मुंबईत काळी-पिवळी फियाट चालवली. गाडी दुसऱ्याची, परमिट दुसऱ्याचे. मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायची, पेट्रोल आपण भरायचे आणि उरेल ते घरी आणायचे. अठ्ठावीस वर्षे स्टिअरिंग हाती असूनही गाडीच्या कागदावर त्यांचे नाव नव्हते. २००१ साली एका निवृत्त साहेबांकडून त्यांनी ही पांढरी फियाट बत्तीस हजारांना घेतली. नवे आरसी बुक आले त्या दिवशी आप्पांनी ते आम्हाला मोठ्याने वाचायला लावले. चौथी शिकलेला माणूस. स्वतःचे नाव त्यांना वाचता येत होते, पण त्यांना ते ऐकायचे होते.

तेव्हा वाचकहो, प्रश्न नुसत्या भोकाचा नव्हता.

आमच्या कल्याणच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारली आणि अंदाजपत्रक लिहून दिले. तळाचा व दरवाजाखालचा पत्रा कापून नवा घालणे ४२,००० रुपये. रंग ३५,०००. इंजिन उघडून बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह ३८,०००. ब्रेक ११,५००. वायरिंग आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या ९,०००. एकूण १,३५,५००.

"इंजिन थांबेल," मिस्त्री म्हणाले, "धूर काढत आणखी दोन वर्षं चालेल. रंग तर हौस आहे. पण पत्रा थांबणार नाही. ह्या गाडीला ट्रकासारखी वेगळी चेसिस नसते साहेब. हा पत्राच तिची चेसिस."

गंज २००५ चा. त्या वर्षीच्या २६ जुलैला आमच्या गल्लीत पाणी भरले, ते गाडीच्या सीटपर्यंत आले आणि दोन दिवस ओसरले नाही. आप्पांनी सीटा काढून वाळवल्या, इंजिनातले ऑइल बदलले, गाडी सुरूही केली. पण दुहेरी पत्र्याच्या पोकळीत गेलेला चिखल कोण काढणार? तो तिथेच बसून वीस वर्षे आपले काम करत राहिला. रबरी नळ्यांचे कारण नवे आहे. २०२५ सालापासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. ते फुगते, चिरते, आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकू लागते.

आम्ही बी.कॉम. झालेले, पोटापाण्याला एका कचेरीत लिपिक. असा कागद हातात पडला की दोन रकाने आखल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. घसारा काढण्याची एक रीत अशी की, दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के कापायचे. या रीतीत किंमत घटत जाते, पण शून्य कधी होत नाही. बत्तीस हजारांवर दरसाल १५ टक्के कापत आम्ही २०२५ पर्यंत आलो, तेव्हा हिशेबाच्या वहीप्रमाणे आप्पांची फियाट साडेसहाशे रुपयांची ठरली. साडेसहाशेच्या वस्तूवर एक लाख पस्तीस हजार खर्च करायचे! परीक्षेत असे उत्तर आले असते तर आम्ही गणित पुन्हा तपासले असते.

शिवाय सरकारी खर्च. गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. २०२१ साली आम्ही त्याचे सहाशे रुपये भरले होते, वर तीन हजार पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून ते सहाशेचे पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. आमची मुदत २०२६ ची. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते असा नियम २०२१ मध्ये आला. पण आमची फियाट पन्नाशीला २०४१ साली पोहोचेल, आणि आप्पा तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे असतील.

एवढे स्पष्ट असूनही आम्ही महिनाभर काहीच ठरवले नाही. रोज कचेरीतून आल्यावर गाडीवरचे कापड उचलून पाहायचे आणि परत टाकायचे. आमच्या आयुष्मती शेवटी म्हणाल्या, "अहो, आजारी माणसाची चादर उचलून बघावी तसं काय बघता रोज?"

मग एका रविवारी आप्पांची वही काढली. लांबट, लाल पाठीची, किराणा दुकानात असते तशी. २००१ पासून पेट्रोल, किलोमीटर, दुरुस्ती सगळे त्यात आहे. टॅक्सीवाल्याची सवय. आम्हाला वाटले, एकूण दुरुस्तीखर्चाचा आकडा मिळाला की आपले मन घट्ट होईल. पण शेवटच्या रकान्यात, जिथे टॅक्सीच्या वहीत भाडे लिहीत, तिथे आप्पांनी रक्कम लिहिलेलीच नाही. तिथे माणसे लिहिली आहेत. "रात्री २. मागच्या चाळीतली पोर. दवाखाना. मुलगा झाला." "म्हातारी, दम. सायनपर्यंत." "६ डिसेंबर. दादर. पाण्याचे हंडे सहा, माणसे चार." "२६ जुलै. गाडी पाण्यात." दवाखान्याच्या रात्री आम्ही मोजल्या. २००१ ते २०१३ अखेर एक्केचाळीस. त्यांतल्या तीन नोंदींपुढे नुसती आडवी रेघ आहे. ती कशाची, हे आम्ही आप्पांना विचारले नाही.

२०१४ पासून मात्र नोंदी विरळ होत जातात. त्या वर्षी जानेवारीत महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. पुढे मोबाइलवर टॅक्सी मागवता येऊ लागली. २०१८ नंतर रात्रीची एकही नोंद नाही. तोवर आमच्या मनात होते की, वस्तीला ही गाडी लागते. चळवळीच्या कामात फिरताना लोक आम्हाला "फियाटवाले" म्हणून ओळखतात आणि खरे सांगायचे तर ते आम्हाला आवडते. पण वही पाहिल्यावर कळले की, गेली सात वर्षे गाडी वस्तीला लागत नव्हती, आम्हाला लागत होती. वर्षातून दोनदा मिरवायला आणि एरवी कापडाखाली ठेवायला. गल्लीतल्या पोरांचा चेंडू लागला तरी आम्ही ओरडत होतो.

विकायची तर घेणारे तिघे आले. पहिला भंगारवाला. वजनाच्या भावाने वीस हजार, रोख, आणि कागद नकोत म्हणाला. कागद नकोत म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. आरटीओत नोंदणी रद्द न करता गाडी मोडीत गेली तर तिचा नंबर कागदोपत्री मालकाच्या नावावर जिवंत राहतो, आणि तो उद्या कुठल्या गाडीवर चढेल याचा भरवसा नाही. मोडायचीच असेल तर सरकारमान्य भंगार केंद्रात द्यावी. तिथे तसा दाखला मिळतो. दुसरा लग्नाच्या वरातीला गाड्या भाड्याने देणारा. त्याने एक लाख दहा हजार सांगितले, पण छप्पर कापून उघडी करणार म्हणाला. आप्पा त्याच्याशी पुढे बोललेच नाहीत. तिसरा पुण्याचा, तिशीतला मुलगा, कारखान्यात नोकरी. त्याच्या आजोबांची अशीच फियाट होती, ती घरच्यांनी त्याच्या लहानपणी विकली. सध्याच्या गाड्यांत गिअर खाली असतो, याला स्टिअरिंगजवळचा गिअर हवा होता. बॉनेट उघडल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, सव्वा लाख देतो."

आमच्या डोळ्यांपुढे कन्येच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचे पैसे उभे राहिले. मिळून ऐंशी हजार. आम्ही होय म्हणणार तोच आप्पा उठले, मागचा दरवाजा उघडला आणि पायपुसणे उचलले.

"हे बघ," ते त्या मुलाला म्हणाले. "इथं, आणि ह्या दाराखाली बोट घालून बघ. घरी नेऊन कळण्यापेक्षा इथं कळू दे."

मुलाने बोट घातले. बोटाला लालसर भुगा लागला. बऱ्याच हिशेबानंतर सौदा पंच्याऐंशी हजारांवर आला. चाळीस हजार आमच्या डोळ्यांदेखत त्या भोकातून खाली गेले. मुलगा चहा पिऊन गेला. आम्ही रागावून म्हणालो, "आप्पा, त्याने विचारलं असतं तर दाखवलं असतं. आपण होऊन कशाला?"

"त्याच्या मागच्या सीटवर कोण बसंल? त्याची पोरं," एवढेच ते म्हणाले.

रात्री जेवताना आम्ही विषय काढला की, फीची सोय तर झाली. तेव्हा कन्या ताट पुढे सारून बोलली, "बाबा, गाडी विकायची तर विका. पण माझ्या फीचं नाव तिच्यावर घालू नका. उद्या मला सुट्टीवर यायला उशीर झाला, मार्क कमी पडले, की तुम्ही म्हणाल, हिच्यासाठी आप्पांची गाडी विकली. ते मला नको. मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय, नाहीतर कर्ज काढू." आमच्या तोंडून शब्द निघेना, कारण आम्ही नेमके तसेच म्हणणार होतो. आजच नव्हे, पुढची दहा वर्षे.

आप्पा भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "गाडी माझ्या नावावर आहे. मी विकतोय. का विकतोय ते मला ठाऊक. परवा मी तिला नाक्यापर्यंत नेली. ब्रेक मारला तर पाय खालपर्यंत गेला. कुत्रं आडवं आलं होतं, ते वाचलं त्याच्या नशिबानं. असल्या गाडीत मी बाळंतीण बसवली नसती." मग थोडे थांबून म्हणाले, "रंगाला, इंजिनाला एक पैसा घालू नको. पण ब्रेक केल्याशिवाय गाडी द्यायची नाही. आणि त्या भोकावर तात्पुरता का होईना, पत्रा मार."

आम्ही म्हणालो, "विकायच्या गाडीवर साडेअकरा हजार?"

"हां."

ब्रेक केले. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणले. हीच गाडी एके काळी त्याच कुर्ल्यात बनत होती. तिथल्या दुकानदाराने सांगितले की, आता काळ्या-पिवळ्या गेल्यापासून फियाटचे गिऱ्हाईक म्हणजे हौशी पोरे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची होऊन रस्त्यावरून गेली. ती बातमी आप्पांनी टीव्हीवर पाहिली होती. तेव्हा ते काही बोलले नव्हते, फक्त आवाज वाढवायला सांगितला होता.

हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० आले. सही जुन्या सहीशी जुळायला हवी. आप्पांचा हात हल्ली कापतो. त्यांनी मिस्त्रींच्या अंदाजपत्रकाचा कागद उलटा केला आणि त्यावर आपले नाव गिरवायला बसले. वीस-बावीस वेळा लिहिले असेल. एक लाख पस्तीस हजार पाचशेच्या पाठीवर त्यांच्या नावाच्या ओळी. मग फॉर्मवर एका दमात सह्या केल्या. तो कागद आम्ही लाल वहीत ठेवला आहे.

रविवारी सकाळी मुलगा गाडी घेऊन निघाला. वस्तीतली दहा-बारा माणसे उभी होती, त्यांत त्या मागच्या चाळीतल्या बाईही. त्यांचा तो मुलगा आता रेल्वेत लागला आहे. आप्पा घरातच बसून राहिले. गाडी वळणावर गेली तेव्हा गिअर टाकल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "दुसरा लवकर टाकतोय."

दुपारी साडेबाराला फोन वाजला. मुलगा जुन्या रस्त्याने बोरघाट चढत होता आणि गाडी मध्येच बंद पडून सुरू होईना. आमच्या पोटात गोळा आला. पैसे परत मागणार, असे आमच्यातल्या लिपिकाला वाटले. आप्पांनी आमच्या हातून फोन घेतला.

"घाबरू नकोस. उन्हानं पंपातलं पेट्रोल उडालंय. बॉनेट उघड. डिकीत डाव्या बाजूला निळं फडकं आहे, ते ओलं करून पेट्रोलच्या पंपावर टाक. कार्बोरेटरवर नाही, पंपावर. दहा मिनिटं सावलीत बस. काही खा. मग सेल्फ मार, आणि मला फोन कर."

मग ते फोन मांडीवर ठेवून घड्याळाकडे पाहत बसले.