नासलेल्या दुधाचें पथ्य

आमच्या लहानपणीं दूध नासणें हा घरांतला अपशकुन समजला जाई. दूध फुटलें कीं आजी हळहळे, आणि मग साखर घालून तें आटवी व मुलांच्या हातावर ठेवी. आतां आमच्या घरीं लिंबू पिळून तें मुद्दाम नासविलें जातें, फडक्यांतून गाळलें जातें आणि वजनकांट्यावर तोललें जातें. आमचीं मूत्रपिंडें थकलीं, तेव्हांपासूनचा हा क्रम.

दूध फाटतें तेव्हां त्यांतील पोटॅशियम बरेंचसें निवळीबरोबर निघून जातें, हें आम्हांसारख्यांच्या सोयीचें. घरच्या पनीरांत मीठ पडत नाहीं. बाजारच्या डब्यांतील कॉटेज चीजमध्यें तें बहुधा असतें. फॉस्फरस आणि प्रथिनें मात्र पनीरांतच पुष्कळ राहतात. शंभर ग्रॅम पनीरांत सुमारें १८ ग्रॅम प्रथिनें. त्यांपासून होणारा युरिया बाहेर टाकणें हें मूत्रपिंडांचें काम. थकलेल्या गड्यावर ओझें लादूं नये, हा साधा न्याय होय.

आमचें वजन ६० किलो. डॉक्टरांनीं किलोमागें ०.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३६ ग्रॅम प्रथिनांची मर्यादा घातली. डाळ, भात, पोळी यांचा हिशेब वजा जातां पनीराच्या वांट्यास ३० ग्रॅम आले. आमच्या मंडळींनीं हिशेब पाळला, पण काटकसरीची संवय जाईना; निवळी फेंकवत नाहीं म्हणून ती कणकेंत पडूं लागली. आहारतज्ज्ञ बाईंनीं खोदून विचारलें, तेव्हां गाळून काढलेलें पोटॅशियम पोळीवाटे परत येत असल्याचें उमगलें. शिवाय त्या ३० ग्रॅमांचे कधीं ३५ होत. आम्हीं पाहत असूं, पण बोलत नसूं.

पुढें मूत्रपिंडांनीं काम सोडलें. १९४३ सालीं हॉलंडांत विलेम कोल्फ यांनीं आपलें कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रोग्यावर चालविलें. त्याच कुळांतलें यंत्र आतां आठवड्यांतून तीनदां आमचें रक्त गाळतें. विषाबरोबर तें थोडें उपयोगाचेंही ओढून नेतें. म्हणून डॉक्टरांनीं प्रथिनें किलोमागें १.२ ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट केलीं. फॉस्फरस आवरण्यास जेवणाबरोबर गोळ्या दिल्या. काल चोरून वाढलेला तुकडा आज आग्रहानें वाढला जातो. पण नेमकी आतांच आमची भूक गेली आहे.

पथ्य म्हणजे न खाणें, असें आम्हीं आजवर समजत होतों. देहाला ज्या वेळीं जें हवें तें, रुचो वा न रुचो, मापानें खाणें हेंही पथ्यच, आणि पहिल्याहून अवघड. परवां ताटांत तुकडा उरला. मंडळींनीं तो मुकाट्यानें कांट्यावर ठेवला, आंकडा पाहिला आणि सांगितला नाहीं. पांच ग्रॅम जास्त देतांनाही त्या अशाच गप्प राहत, हें आम्हांस आठवलें. आम्हीं तो तुकडा उचलून खाल्ला.