निवळ बाटली

बफर ताजा करावा आणि लवकर संपवावा, या मताचा मी. सोडियम अझाइड घालून महिनोन्‌महिने बाटल्या साठवणाऱ्यांना मी मनातून आळशीच समजत आलो. त्यात गर्वाचा भाग मोठा. पीबीएस बफर ट्यूबलाइटसमोर तिरका धरला की गढूळपणाची पहिली छटा मला इतरांआधी दिसे, आणि ती चारचौघांत दाखवायला आवडे. आता मोतीबिंदू पिकतोय. सगळ्याच बाटल्या धुरकट दिसतात.

नाहूरहून माझ्याच स्लो लोकलने येणारी प्रशिक्षणार्थी मुलगी बाटल्या बघते. परवा म्हणाली, "सर, ०.०२ टक्के अझाइड घालूनच ठेवू या ना."

सिंकमधल्या तांब्या-शिशाच्या नळ्यांतला अझाइडचा धोका, आम्लाशी गाठ पडली तर निघणारा विषारी वायू, हे तिला पाठ आहे. माझं अडतं दुसरीकडेच. अझाइड घातलेली आणि न घातलेली बाटली दिसायला सारखीच. एलायझा चाचणीच्या वॉश बफरात अझाइड राहिलं की रंग आणणारं पेरॉक्सिडेज मार खातं, रंग येत नाही, आणि माणूस अँटिबॉडीला शिव्या घालतो. विकतच्या अँटिबॉडीतही ते बऱ्याचदा असतं. नवी मुलं सोबतचा कागद उघडतसुद्धा नाहीत. शिवाय निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. स्ट्रेप्टोकोकाय निवडून वाढवायच्या माध्यमात मुद्दाम अझाइड घालतात, म्हणजे त्यांना ते चालतंच.

तिने परळच्या हाफकिनचा दाखला दिला. ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल, प्लेगच्या लशीची एक बाटली आणि धनुर्वाताने गेलेली १९ माणसं. लस बनवण्याच्या नव्या पद्धतीत जंतुनाशक कार्बोलिक आम्ल वगळलं होतं, चौकशीत त्यावरच बोट ठेवलं गेलं. पुढे कळलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. १९०७ मध्ये ही लस बनवणारे हाफकिन निर्दोष ठरले. या वादात मी कायम चिमट्याची बाजू घेत आलो. चिमटा पडणं हा हाताचा दोष, आणि माझे हात चांगले होते! "पण कार्बोलिक असतं तर?" तिने विचारलं. मी स्टेशन आल्याचं निमित्त केलं.

आता अझाइडच्या बाटल्यांना लाल झाकणं आणि वेगळं कपाट. पेरॉक्सिडेजच्या टेबलावर लाल झाकण फिरकू द्यायचं नाही, हा माझा हट्ट. तिला तिथे अझाइडऐवजी प्रोक्लिन हवंय. ते पेरॉक्सिडेजला सोसतं, पण काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते. मागणीपत्र टेबलावर पडलंय, मी अजून सही केलेली नाही.