डोंगर कापण्याआधी

मुलांनो, ठाण्याहून लोकलने कल्याणला निघालात की मुंब्र्याला खिडकीतून पारसिकचा डोंगर बघा. १९१६ साली खुला झालेला रेल्वेचा बोगदा याच्याच पोटात आहे. पलीकडे, नवी मुंबईच्या अंगाला, दगडखाणींनी कापलेले उभे कडे दिसतात. त्या काळ्या दगडाची खडीच आपल्या घरांत नि रस्त्यांत असते. मग खाण नकोच, असं कसं म्हणायचं?

पण खाणीबरोबर सुरुंग येतात, डंपरची रांग येते. शाळा त्याच रस्त्यावर असली तर? २००० सालच्या नियमांनुसार वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. म्हणून गाव आज किती शांत आहे, तासाला किती गाड्या जातात, हे खाण सुरू होण्याआधीच टिपायला हवं. नाहीतर पुढे उत्तर मिळेल, ‘गोंगाट तर पहिल्यापासूनच होता!’

२००६ च्या नियमांप्रमाणे मोठ्या खाणीआधी जनसुनावणी होते. तिथे गावकऱ्यांना बोलता येतं. हाती आकडे असले की बोलण्याला वजन येतं.

तुम्हीही गॅलरीत वही घेऊन बसा, तासभर अवजड गाड्या मोजा. मग आकडा आईबाबांना दाखवा. बघा, काय म्हणतात!